गुरू खाली उतरतो तेव्हा

विमान चालवायला शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेत एक दिवस असा येतो, की जो वेळापत्रकात लिहिलेला नसतो. विद्यार्थी आणि प्रशिक्षक नेहमीसारखे सकाळी विमानात बसतात. दोन-तीन वेळा विमान उडवतात, उतरवतात. मग प्रशिक्षक विमान कडेला थांबवायला सांगतो. इंजिन चालूच असतं. तो आपला पट्टा सोडतो आणि खाली उतरतो. ‘एक फेरी मारून ये’, एवढंच म्हणतो आणि चालू लागतो.

ही जी फेरी, तिला वैमानिकांच्या भाषेत ‘सोलो’ म्हणतात. पहिलं एकल उड्डाण. काम तसं छोटं असतं. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडायचं, सुमारे हजार फुटांवर जायचं, धावपट्टीला समांतर असा लांबट चौकोन आखल्यासारखी चार वळणं घ्यायची आणि जिथून निघालो तिथेच परत उतरायचं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पण आयुष्यभर विमानं चालवून निवृत्त झालेल्या माणसालाही या पाच-सात मिनिटांची तारीख विचारली, तर तो वही न उघडता सांगतो.

या प्रसंगाकडे आपण नेहमी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहतो, आणि ते साहजिकच आहे. छातीत धडधड त्याच्या, जीव त्याचा. आज मात्र मला याकडे उतरून गेलेल्या माणसाच्या बाजूने पाहायचं आहे. कारण विमानविद्येचा इतिहास चाळला, तर असं दिसतं की एकट्याने उडणं फार जुनं आहे. योग्य वेळी खाली उतरणारा गुरू मात्र पुष्कळ उशिरा आला. आणि तो येईपर्यंत पुष्कळ जीव गेले.

अगदी सुरुवातीला तर शिकवणारं कोणी नव्हतंच. जर्मनीतला ओटो लिलिएन्थाल हा माणूस टेकडीवरून पंख लावून झेपावत असे. त्याने सुमारे दोन हजार झेपा घेतल्या. पण एकेक झेप काही सेकंदांची. पाच वर्षांतला त्याचा हवेतला सगळा वेळ एकत्र केला, तर तो जेमतेम पाच तास भरतो. ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पाच तासांचा सराव, आणि त्याबद्दल प्राण! विल्बर राइट याने पुढे या पाच तासांचाच हिशेब मांडून म्हटलं होतं, की अडचण खरी इथे आहे. सरावाला वेळच मिळत नाही.

राइट बंधूंनी म्हणूनच घाई केली नाही. १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं ते किटी हॉकच्या वाळूत इंजिनाशिवायच्या ग्लायडरवर हात बसवत राहिले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल पहिल्यांदा इंजिनाच्या विमानातून उडाला. बारा सेकंद, १२० फूट. जगातलं हे पहिलं इंजिनाचं उड्डाण, आणि ते सोलोच होतं! दुसऱ्या माणसाला बसवून उडायला १४ मे १९०८ ही तारीख उजाडावी लागली. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं जो उडाला तो एकटाच उडाला.

त्यानंतर फ्रान्समध्ये लुई ब्लेरिओ याचं नाव झालं. २५ जुलै १९०९ रोजी त्याने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, आणि त्याच्या विमानांवर शिकायला माणसांची रीघ लागली. दक्षिण फ्रान्समधल्या पो या गावी त्याची शाळा निघाली. पण त्याच्या विमानात जागा एकच. मग शिकवायचं कसं? तर पंख छाटलेलं एक विमान विद्यार्थ्याला देत. ते उडूच शकत नसे, नुसतं मैदानावर धावे. त्याला नाव पडलं ‘पेंग्विन’. ते सरळ धाववता आलं की दुसरं विमान, त्यातून जमिनीलगत लहान उड्या. मग जरा उंच. गुरू जमिनीवर उभा राहून हातवारे करणार. इथे पहिल्या सोलोचा वेगळा दिवस असा नव्हताच. पहिला दिवसही एकट्याचा आणि शेवटचाही.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधत. मग एक दिवस तो सोडून घेत. ब्लेरिओच्या शाळेत भोपळा नव्हताच. मुलाला काठाकाठाने चालवून चालवून पाण्यात सोडायचं, असा तो प्रकार.

पहिलं महायुद्ध आलं आणि वैमानिकांची गरज एकदम वाढली. ब्रिटनमध्ये तोवर दोन आसनांची विमानं शिक्षणाला आली होती. पण शेजारी गुरू बसला म्हणजे शिक्षण झालंच असं नाही. बरेच प्रशिक्षक आघाडीवरून थकून किंवा जखमी होऊन परतलेले. शिकवावं कसं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. खांद्यावर थाप मारायची, हाताने खुणा करायच्या. हे प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना ‘हूण’ म्हणत. हूण हे खरं तर जर्मन शत्रूला ठेवलेलं नाव. पण हे विद्यार्थीही आपली विमानं शत्रूसारखीच मोडतात, म्हणून त्यांनाही तेच! या थट्टेमागे भीती होती. कित्येक प्रशिक्षक विमानाचा ताबा विद्यार्थ्याच्या हातात पुरता देतच नसत. आणि मग एके दिवशी, ज्याने कधी पुरता ताबा घेतलेला नाही, अशा पोराला एकट्याने वर पाठवत. शत्रूचं तोंडही न पाहता, मायदेशातल्याच मैदानांवर कितीतरी तरुण असे मेले.

हे सारं बदलणाऱ्या माणसाचं नाव रॉबर्ट स्मिथ-बॅरी. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट १९१४ मध्ये, फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं आणि दोन्ही पाय मोडले. तो लंगडत का होईना, पुन्हा उडायला लागला. १९१६ साली आघाडीवरच्या एका तुकडीचा तो प्रमुख झाला आणि त्याच्याकडे अर्धवट शिकलेली मुलं येऊ लागली. त्याने वरिष्ठांना पत्रं लिहिली, की या मुलांना असं पाठवणं योग्य नाही. वरिष्ठांनी त्याच्याकडेच काम सोपवलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉस्पोर्ट इथे १९१७ मध्ये त्याची शाळा उभी राहिली.

स्मिथ-बॅरीने काय केलं? विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्या जागेवर बसवलं. दोघांच्याही पुढ्यात सारखीच नियंत्रणं ठेवली. दोघांमध्ये बोलण्यासाठी रबराची नळी टाकली. ती पुढे ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ या नावानेच जगभर गेली. विमान अमुक केल्यावर तमुक का करतं, हे समजावून सांगण्याची पद्धत पाडली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, त्याने धोका लपवला नाही. तोवरची रीत अशी, की विमान गरगरत खाली यायला लागेल असं काही करूच नका. स्मिथ-बॅरीने सांगितलं, मुद्दाम करा. गुरू बरोबर असताना विमान भोवऱ्यासारखं गरगरू द्या आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते विद्यार्थ्याला त्याच्याच हाताने करू द्या. म्हणजे एकटा असताना ते घडलं, तर त्याला ते ओळखीचं वाटेल.

आणखी एक. गॉस्पोर्टच्या पद्धतीत सोलो म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हता. विद्यार्थी एकटा उडून आला की गुरू पुन्हा विमानात बसत असे. एकट्याने उडताना काय बिघडलं, ते पाहून पुढचा धडा. खाली उतरणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे इथे पहिल्यांदा नीट ठरलं. जगभरच्या विमानशाळांमध्ये आज जे शिकवतात, त्याचा पाया हाच.

युद्ध संपलं. हे शिक्षण सामान्य माणसापर्यंत नेलं ते एका छोट्या विमानाने. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी जेफ्री डी हॅविलंड याचं ‘मॉथ’ विमान पहिल्यांदा उडालं. लाकूड आणि कापडाचं, घडी होणाऱ्या पंखांचं, एकामागे एक अशा दोन उघड्या जागांचं. ते चालवणाऱ्या हौशी लोकांचे क्लब निघाले. ती लाट हिंदुस्थानातही आली. १९२८ साली मुंबईत जुहूला विमानतळ झाला आणि मुंबई फ्लाइंग क्लब सुरू झाला. जुहूची ती जमीन पावसाळ्यात चिखलाने भरून जाई. पण बाकीचे आठ महिने समुद्राच्या वाऱ्यावर मॉथ विमानं तिथे घिरट्या घालू लागली.

तिथे आलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते चोवीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जेआरडींचा जन्म पॅरिसचा. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलो या गावी त्यांच्या कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर होतं, आणि जवळच घर होतं त्याच लुई ब्लेरिओचं! पंधराव्या वर्षी तिथेच ते पहिल्यांदा विमानात बसले. तेव्हापासूनचा ध्यास जुहूला पुरा झाला. काही तासांच्याच शिकवणीनंतर ते एकटे उडाले, आणि १० फेब्रुवारी १९२९ या तारखेचा त्यांचा परवाना निघाला. एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने दिलेल्या त्या परवान्याचा क्रमांक होता १.

मॉथमधून एकट्याने उडणं म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. या विमानात गुरू पुढे बसे आणि शिष्य मागे. म्हणजे रोज डोळ्यांसमोर गुरूचं डोकं. सोलोच्या दिवशी ते डोकं नाही. समोर नुसता मोकळा खड्डा. रिकाम्या जागेवरचे पट्टे घट्ट बांधून ठेवावे लागत, नाहीतर ते सुटून पुढच्या दांडीत अडकायचे. विमानाचं एकूण वजन भरून साडेसातशे किलोच्या आसपास. त्यातला एक माणूस उतरला, म्हणजे दहावा हिस्सा गेला! त्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं, भराभर वर चढतं, आणि उतरताना मात्र लवकर टेकत नाही. धावपट्टीवर तरंगत राहतं. गुरू गेल्याचं नवख्या वैमानिकाला आधी मनाला नव्हे, हाताला कळतं. रेडिओ नाही, ब्रेक नाहीत. जमिनीवर उभ्या असलेल्या गुरूला आता काहीही करता येण्यासारखं नसतं.

एकट्याने उडण्याची ही हिंमत लगेच पुढच्या वर्षी कसाला लागली. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधला प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९३० साली जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते. जेआरडींनी आपल्याकडचे काढून दिले. अस्पी पुढे गेला आणि थोडक्या फरकाने जिंकला. हाच मुलगा पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

पण सगळ्यांच्याच वाट्याला असा गुरू आला नाही. चार्ल्स लिंडबर्गची गोष्ट पाहा. १९२२ साली अमेरिकेत नेब्रास्कामधल्या लिंकन या गावी तो विमान शिकायला गेला. सुमारे आठ तास शिकला. पण सोलो करू देण्याआधी, विमान मोडलं तर भरपाई म्हणून अनामत रक्कम ठेव, असं त्याला सांगण्यात आलं. तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. राहिलं ते राहिलंच. पुढल्या वर्षी जॉर्जिया राज्यात सैन्याच्या जुन्या विमानांची विक्री चालू होती, तिथे त्याने पाचशे डॉलरला एक ‘जेनी’ विमान घेतलं. मालक झाला, पण एकट्याने कधी उडालेला नव्हता! पहिल्याच प्रयत्नात विमान आपटता आपटता वाचलं. तिथल्या एका अनोळखी वैमानिकाला ते पाहवलं नाही. तो त्याच्याबरोबर बसला, काही फेऱ्या मारल्या, आणि त्या संध्याकाळी वारा पडल्यावर लिंडबर्ग एकटा उडाला. चारच वर्षांनी, २० आणि २१ मे १९२७ रोजी, साडेतेहतीस तास एकट्याने उडून त्याने अटलांटिक ओलांडला. जगातलं सगळ्यात गाजलेलं एकल उड्डाण त्याच्या नावावर आहे. त्यामागे त्या अनोळखी माणसाच्या काही फेऱ्या आहेत.

म्हणजे गुरू खाली उतरायचा, तर आधी तो शेजारी बसायला हवा. आणि इथे प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचे पदवीधर. महायुद्धात त्यांना ब्रिटिश हवाई दलात जायचं होतं, पण भारतीयाला दार बंद. ते फ्रान्समध्ये रेडक्रॉसची रुग्णगाडी चालवू लागले. शेवटी ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या गुरुजींनी एका सेनापतीला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे १९१७ साली दार उघडलं. पगडीवर बसेल असं वेगळं शिरस्त्राण त्यांनी करून घेतलं. त्या वेळी आत शिरलेल्या मूठभर भारतीयांमध्ये कोलकात्याचे इंद्रलाल रॉय होते आणि आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकरही होते. १९१८ सालच्या जून-जुलैत हे दोघेही फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. मुंबईकरांना वेलिणकरांचं नाव आज फारसं ठाऊकही नाही.

अमेरिकेत बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीला एकाही विमानशाळेने घेतलं नाही. तिने फ्रेंच भाषा शिकली, समुद्र ओलांडला आणि १५ जून १९२१ रोजी फ्रान्समधून परवाना मिळवला. आपल्याकडे लाहोरला १९३६ साली सरला शर्मा या एकवीस वर्षांच्या तरुणीने साडी नेसून जिप्सी मॉथ उडवलं. घरी चार वर्षांची मुलगी होती. पुढे सरला ठकराल या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाई भारतातल्या अगदी सुरुवातीच्या महिला वैमानिकांपैकी एक. सासर वैमानिकांचं होतं म्हणून त्यांना शेजारी बसणारा मिळाला. इतर किती जणींना मिळाला असता?

आपल्या हवाई दलाचा जन्म ८ ऑक्टोबर १९३२ चा. इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकलेल्या पहिल्या भारतीय तरुणांना त्याच दिवशी अधिकारपद मिळालं. त्यांतले सुब्रोतो मुखर्जी १९५४ साली हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. बायकांसाठी मात्र त्यानंतरही चाळीस वर्षं जावी लागली. २ सप्टेंबर १९९४ रोजी हरिता कौर देओल यांनी ॲव्हरो विमानातून एकल उड्डाण केलं. १९९६ साली एका विमान अपघातात त्या गेल्या. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरहून मिग-२१ बायसन हे लढाऊ विमान एकट्याने उडवलं. त्या विमानात तर जागाच एक!

आता पुन्हा त्या धावपट्टीच्या कडेला येऊ. गुरू कशावरून ठरवतो, की आज उतरायचं? कोणाला आठ तास लागतात, कोणाला पंचवीस. त्याचा हुशारीशी फारसा संबंध नाही. अनुभवी प्रशिक्षक काय पाहतात, तर विद्यार्थी विमान सुरेख उतरवतो का, हे नाही. आपलं उतरणं बिघडतंय, हे त्याला स्वतःला कधी कळतं? कळल्यावर तो हट्ट न धरता इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जातो का? चूक न करणाऱ्यापेक्षा चूक ओळखणाऱ्याला एकटं सोडता येतं. शेवटच्या काही फेऱ्यांत गुरू बोलणं बंद करतो, हात मांडीवर ठेवतो. विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही, की आपण मघापासून एकटेच उडतो आहोत. आदल्या दिवशी सांगतही नाहीत. सांगितलं तर त्याला रात्रभर झोप यायची नाही.

यात दोन्हीकडून धोका आहे. लवकर उतरलं तर जिवाशी खेळ. आणि उशीर केला तर? शेजारून येणाऱ्या आवाजाची सवय लागते. ‘सर सांगतील’ असं मनात घर करून बसतं. असा माणूस पुढे शंभर तास उडला तरी वैमानिक होत नाही. सतत सांभाळत राहणं हाही शिकवण्यातला दोषच आहे, हे गॉस्पोर्टच्या आधीच्या शाळांनी फार मोठी किंमत देऊन दाखवून दिलं.

आता सिम्युलेटर आले आहेत. इंजिन बंद पडणं, आग लागणं, धुकं, वादळ, सगळं खोलीत बसून शिकता येतं, आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. पण तिथे चुकलं तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. म्हणून गोंदिया, बारामती, धुळे इथल्या धावपट्ट्यांवरही शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला तो रिकामा झालेला शेजार अजून येतोच. आपल्याकडे सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. म्हणजे मोटार चालवण्याच्या वयाआधीच विमान एकट्याने उडवता येतं! फेरी मारून आलेल्याच्या अंगावर मित्रमंडळी बादलीभर पाणी ओततात, पेढे वाटले जातात.

त्यानंतर एक साधी गोष्ट होते. प्रत्येक वैमानिकाची एक नोंदवही असते. तारीख, विमान, वेळ, आणि विमानाचा प्रमुख कोण, याचा एक रकाना. तोवरच्या प्रत्येक ओळीत त्या रकान्यात प्रशिक्षकाचं नाव असतं. त्या दिवशीच्या ओळीत विद्यार्थी पहिल्यांदाच लिहितो, ‘स्वतः’. आणि ती नोंद बरोबर आहे, अशी खाली सही करतो, तो उतरून गेलेला गुरू.